बंद पडलेल्या दवाखान्यांची यादी

आशा वर्कर म्हणजे कोण, तर जे काम कुणीच करत नाही ते करणारी. हे मी मीटिंगमध्ये तोंडावर सांगितलंय. पोलिओचे थेंब आम्ही पाजायचे, टीबीच्या तपासणीचे थुंकीचे डबे आम्ही न्यायचे, गावात कुणाला दिवस गेलेत ते तिच्या नवऱ्याच्या आधी आम्हाला ठाऊक पाहिजे. तर यंदा दिवाळीनंतर एक नवीनच कागद आला. आपापल्या भागातले दवाखाने लिहून काढायचे. सरकारी, खासगी, ट्रस्टचे, सगळे. चालू असलेले आणि बंद पडलेले. पुढं रकाने होते: कधी सुरू झाला, कधी बंद पडला, आता त्या जागेवर काय आहे.

"चालू लिहिते की," मी म्हटलं. "बंद पडलेले कशाला? मेलेल्यांची हजेरी घ्यायची का आता?"

बाया हसल्या. मॅडम म्हणाल्या, "ज्ञानेश्वरी, वरून आलंय." वरून आलंय म्हटलं की विषय संपला. वर कोण बसलंय ते सोळा वर्षांत मला एकदाही दिसलेलं नाही.

माझ्या वाट्याला येरमाळा आणि आसपासची चार गावं आली. मला वाटलं, दोन दिवसांचं काम. कसलं दोन दिवसांचं! आपल्याकडं दवाखान्याच्या पाटीवरचं नाव कुणी वाचतं का? कुणी म्हणे चिंचेखालचा दवाखाना, कुणी म्हणे सुईवाल्याचा, कुणी म्हणे ते लाल डोक्याचे डॉक्टर बसायचे ना तो. आणि साल विचारलं की माणसं आढ्याकडं बघायची आणि लेकरं मोजायला लागायची.

स्टँडजवळ बांगड्या विकणारी कमलबाई आहे. तिला विचारलं, "चिंचेखालचा दवाखाना कधी बंद पडला गं?"

"आमचा समर्थ तिथंच झाला की. त्याच्या पाठची शिवांजली झाली तवा कुलूप व्हतं. येडाईला हात जोडले आनि तसंच जीपमदी घालून धाराशिवला नेलं मला."

"म्हंजी कोणतं साल?"

"शिवांजली बारावीला हाय."

"नापास-बिपास झाली का मधी?"

"यकदा."

"मग?"

"मग काय, कर की हिशेब. शिकलेली तू हाईस का मी?"

असली ही तऱ्हा. एका दवाखान्याचं साल मी एका म्हाताऱ्याच्या वर्षश्राद्धावरून काढलं. एकाचं, कुणाच्या तरी बायकोचं पिशवीचं ऑपरेशन आणि गावात नळ आला ते वर्ष यांच्या मधे बसवलं. साहेबांना वाटत असेल आशाताईनं कागदपत्रं बघून लिहिलंय. कसली कागदपत्रं. सगळी यादी बायकांच्या बाळंतपणावर आणि म्हाताऱ्यांच्या मरणावर उभी आहे.

शेवटचा रकाना मात्र सोपा, नुसतं बघून लिहायचं. एका जागी मोबाईलचं दुकान. एका जागी शिकवणीचे वर्ग. एक सरकारी उपकेंद्र नुसतंच पडलेलं, आत टेबलावर कुणीतरी कडबा रचून ठेवलेला. मी कडबा लिहिला. खोटं का लिहू?

असे अकरा झाले. बारावा मी शेवटाला ठेवला होता. तो लिहायला मला कुणाला काही विचारायची गरज नव्हती, निदान मला तसं वाटत होतं. हायवेच्या आतल्या अंगाला, जिन्याचा दवाखाना म्हणायचे त्याला. बाहेरून लोखंडी जिना होता आणि वरच्या मजल्यावर बाळंतिणींची खोली. माझं पहिलं लेकरू तिथं झालं. झालं म्हणजे मेलेलंच झालं.

हे मी कुणाला सांगत नाही, सांगण्यासारखं त्यात काही नाही. माझ्यासारख्या तालुक्यात शंभर असतील. पण यादीचं सांगायचं तर हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

तेवीस वर्षं झाली. मी एकवीस वर्षांची होते. माझी आई माझ्या लग्नाआधीच गेलेली, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. आम्ही धनगर. सुगी झाली की मेंढरं बाहेर पडतात. तेव्हा मालक, म्हणजे बिरदेव, आणि सासरे मेंढरं घेऊन तेरच्या बाजूला गेलेले. शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवायची, दोन-तीन रात्री त्या रानाला खत होतं, मग पुढच्या रानात. सासूबाई माझ्यासाठी मागं राहिलेली. सखूबाई तिचं नाव. मी तिला आत्या म्हणते.

दोन दिवस कळा दिल्या. नाळ गळ्याला अडकली होती म्हणे. मला शेवटी काहीतरी सुई दिली, आणि जाग आली तेव्हा उन्हं खिडकीतून पार भिंतीवर गेलेली. पोट सपाट. शेजारी कुणी नाही. मी आयाला विचारलं, "लेकरू?" ती म्हणाली, "पुढचं होईल." मी विचारलं, "आत्या?" ती म्हणाली, "त्या गेल्या." कुठं गेल्या? तर मेंढरांकडं गेल्या.

दोन दिवस मी त्या खाटेवर एकटी होते. शेजारच्या खाटेवरची बाई मला तिच्या डब्यातली भाकरी द्यायची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्या आली, धुळीनं पाय भरलेले, आणि एवढंच म्हणाली, "चल, घरी जाऊ." मी विचारलं, "कुठं ठेवलं?" तिनं गाठोडं उचललं. जिना उतरताना पुन्हा विचारलं तर म्हणाली, "दवाखान्यानं केलं सगळं. आता ते तोंडात आनायचं न्हाय."

मालकांना एकदा विचारलं होतं, पुढं सहा महिन्यांनी. त्यांनी तेच सांगितलं, दवाखान्यानं केलं सगळं. शब्दसुद्धा तेच. मुलगा होता का मुलगी तेही मला कुणी सांगितलं नाही. मी दवाखान्याच्या मागची मोकळी जागा खिडकीतून बघितली होती. तारेचं कुंपण आणि आत नुसती माती. मी मनाशी ठरवून टाकलं की तिथंच असणार. दुसरीकडं कुठं असणार?

आणि आत्याचा मला राग आला. लपवून काय करू? अशा वेळी सुनेला टाकून मेंढरांकडं पळालेली बाई. दोन वर्षांनी मल्हार झाला, तो आता धाराशिवला डेपोत लागलाय, त्याला तिनंच वाढवला. मी तिचं सगळं केलं, मोतीबिंदू काढून आणला, खुब्याचं हाड मोडलं तेव्हा चार महिने उचलठेव केली. पण ती खाट काही माझ्या मनातून गेली नाही. भांडण झालं की ओठावर यायचं, "जावा, मेंढरं बघा तुमची." एकदोनदा म्हणूनही गेले. तिनं कधी उलट उत्तर दिलं नाही.

तर बाराव्या दवाखान्याचं लिहायला गेले आणि बघते तर काय, इमारत अर्धी पाडलेली. जिना नाही. कुणीतरी जागा विकत घेऊन मंगल कार्यालय बांधणार होतं. पुढचं पाडून झालेलं आणि मागच्या मोकळ्या जागेत जेसीबी उभा, दुसऱ्या दिवसापासून तळघराचं खोदकाम.

मी कागदावर लिहिलं: मंगल कार्यालय, बांधकाम चालू. हात नीट चालत होता. मला आत काही झालं नाही, म्हणजे बायकांना होतं ना, गलबलून येतं, तसलं काही नाही. एकच कळत होतं, की माझं लेकरू त्या मातीत आहे आणि उद्या ती माती ट्रॅक्टरमध्ये भरून कुठंतरी भरावाला टाकतील. आणि ते मला बघितलं पाहिजे. बघून काय करणार ते माहीत नव्हतं. काही निघालं तर मागून घेणार, आणि काय? कुठं घेऊन जाणार ते पुढचं.

तीन दिवस मी तिथं उभी राहिले. सकाळी दहाला जायचं आणि पाच वाजता सुटलं की परत. गळ्यात ओळखपत्र, हातात कागद, कुणी काही विचारत नाही. बाईच्या हातात सरकारी कागद असला की माणसं आपणहून बाजूला होतात.

जेसीबी चालवणारा रामहरी म्हणून माणूस होता, चाळिशीचा, कळंबकडचा. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "ताई, काय हरवलंय का?"

"सर्व्हे आहे," मी म्हटलं.

"मातीचा?"

"दवाखान्याचा."

"दवाखाना तर पाडला की."

"म्हणूनच."

त्यानं मान हलवली आणि परत काम सुरू केलं. बकेट खाली जायची, मातीत घुसायची, वर यायची. वर आली की मी बघायची. सलाइनच्या काचेच्या बाटल्या निघाल्या, त्या जुन्या, जाड काचेच्या. खाटेचा एक पाय निघाला, जुन्या विटांचं बांधकाम निघालं. इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या तर ढिगानं. काळी माती, मग मुरूम. मला तहान लागली का भूक लागली कळत नव्हतं. दुपारी रामहरीनं त्याच्या डब्यातली चटणी-भाकरी पुढं केली, ती मी खाल्ली, पण काय खाल्लं ते सांगता आलं नसतं.

तिसऱ्या दिवशी त्यानं बकेट हवेतच थांबवली. इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. म्हणाला, "ताई, हिकडं या."

मातीत हाड होतं. बोटाएवढं, पांढरं पडलेलं.

मी ते उचललं. त्यानं टोपी काढली होती, बिचारा. मी हाड उलटंपालटं करून बघितलं. मेंढरांच्या घरातली बाई मी. कोकराचं हाड, शेळीचं हाड, कुत्र्यानं नेलेलं, पुरलेलं, सगळी हाडं मी हातात धरलेली आहेत. हे करडाचं होतं, पुढच्या पायाचं. कुणीतरी जेवून फेकलेलं.

"शेळीचं आहे," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

तो लगेच वर चढला नाही. मग म्हणाला, "ताई, तुमी कशाला उबं हाय ते मला कळलंय. आमच्या घरात पन झालंय तसं." आणि पुढं म्हणाला, "आज संध्याकाळपत्तुर तळ लागंल. काय निघालं तर बाजूला ठेवतो. तुमी बसा तरी." मी बसले. तळ लागला. काही निघालं नाही.

काहीच नाही. सगळी जागा खणून झाली, चारी बाजूंनी सरळ भिंतीसारखी माती कापलेली, आणि मधे स्वच्छ खड्डा. मी त्या खड्ड्याकडं बघत होते. तेवीस वर्षं ज्या जागेला मी मनातल्या मनात हात जोडत होते, एसटी हायवेवरून जाताना त्या बाजूच्या खिडकीत बसत होते, तिथं काही नव्हतंच. मला रडू यायला पाहिजे होतं. आलं नाही. मी रामहरीला "येते" म्हटलं आणि निघाले.

बंडप्पाकडं गेले ते खरं तर सालासाठी. यादीत साल तर भरायला पाहिजे. बंडप्पा त्या दवाखान्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत कंपाउंडर होता. आता सत्तरीच्या पुढं आहे, हायवेला त्याच्या लेकाचं हॉटेल आहे, त्याच्या दारात खुर्ची टाकून बसलेला असतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला गोळ्या सांगतो, अजून.

"बंडप्पा, जिन्याचा दवाखाना कधी बंद पडला?"

"डॉक्टर वारले तवा. कोरोनाच्या आदी चार वर्सं." हा एकटा माणूस, ज्यानं लेकरं न मोजता उत्तर दिलं. मी लिहिलं. पेन बंद केलं. आणि मग सरळ विचारलं, कारण आता आडून विचारायचं काही उरलं नव्हतं.

"दवाखान्यात मेलेली लेकरं व्हायची, ती तुम्ही मागं पुरायचा ना?"

"मागं?" तो खुर्चीत पुढं सरकला. "कोन म्हनलं? मागं संडासाची टाकी आनि कचऱ्याचा खड्डा व्हता. तिथं कोन लेकरू पुरंल? डॉक्टरनी हातपाय मोडले असते माझे. ज्याचं त्याच्या हातात द्यायचा नियम व्हता."

"माझं कुणाच्या हातात दिलं?"

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. डोळ्याला हात लावून बघितलं.

"कोनाची तू?"

"सखूबाई धनगरणीची सून."

"अरारा," तो म्हणाला. "तू व्हय ती." आणि हॉटेलातल्या भज्याच्या कढईकडं बघत सांगायला लागला. "सखूबाईच्याच हातात दिलं की. म्याच दिलं. जुन्या लुगड्यात गुंडाळून दिलं. ती म्हनली, बाप तेरला मेंढराबर हाय, बापाच्या हातची माती लागाय पायजे. म्या म्हनलं, बाई, एसटीत घेनार न्हाईत. जीप बग. ती म्हनली, झोपलंय म्हनून सांगते. तशीच गेली. जिन्यावरनं उतरताना मला म्हनली, सुनेला सांगू नगा. तिला जागा कळली तर ती जात ऱ्हाईल तिथं, मागचंच धरून बसंल, पुढचं लेकरू टिकायचं न्हाय."

मी उभी होते. माझ्या हातात कागद होता आणि त्यावर बारा दवाखाने होते. हायवेवरून ट्रक चालले होते.

"चा घे," बंडप्पा म्हणाला.

चहा घेतला की नाही ते मला आठवत नाही. एसटीनं गावाला आले. दार उघडं होतं. ऊन कललेलं, आत्या अंगणात बाजेजवळ पाय लांब करून बसलेली, सुपात ज्वारी घेऊन खडे निवडत होती. डोळ्यांनी तिला फारसं दिसत नाही. बोटांनी निवडते.

माझी पिशवीसुद्धा खांद्यावर होती. मी म्हटलं, "आत्या, लेकरू तुमी तेरला नेलं व्हतं?"

तिची बोटं थांबली. तिनं वर बघितलं नाही.

"कोन म्हनलं?"

"बंडप्पा."

"त्येला सांगितलं व्हतं म्या." मग सूप तिनं हळूच बाजूला ठेवलं. "तीस वर्सं झाली का?"

"तेवीस."

"तेवीस."

"मला तुमी सांगितलं दवाखान्यानं केलं."

"व्हय."

"मी तीन दिवस त्या खड्ड्यापाशी उभी होते, आत्या. जेसीबी लावलाय तिथं. मातीत बघत होते मी." माझा आवाज चढला. शेजारच्या घरातला टीव्ही कुणीतरी बारीक केला. "तेवीस वर्षं मी तुम्हाला मेंढरावरनं बोलत आले. तुम्ही एकदा तरी सांगायचं होतं! तोंड शिवलं होतं का तुमचं?"

ओरडून झाल्यावर मला वाटलं, आता मोकळं वाटेल. नाही वाटलं. सगळं आधीसारखंच, अंगावर गोधडी टाकल्यासारखं. मी ओट्यावर बसले.

"काय होतं?" मी विचारलं.

"लेक व्हती."

तिनं हात पुढं केले, आपोआप, कोपरात वाकवून, जसं लेकरू धरतात तसे. "येवडी. कानावर केस व्हते बारीक. रंग तुझा." हात तसेच धरून ती सांगत राहिली. मी काही विचारत नव्हते, तीच सांगत होती, कुणीतरी दार उघडायची वाट बघत असल्यासारखी.

"येरमाळ्याला यष्टीत बसले. म्हागल्या शीटावर. तोंडावर पदर वडला तिच्या, आनि थापटत ऱ्हायले. थापटलं न्हाय तर लोकास्नी संशय यील. कंडक्टर आला. म्या म्हनलं, धाराशिव यक. तो म्हनला, लेकराला तिकीट नसतंय आज्जी, मांडीवर घ्या. म्या म्हनलं, मांडीवरच हाय. शेजारी यक बाई व्हती, ती म्हनली, लई शांत हाय वो लेकरू. व्हय म्हनलं. नाव काय ठिवलं? आता काय सांगू? खिडकीतनं डोंगरावरचं देऊळ दिसत व्हतं. म्या म्हनलं, येडाई. ती म्हनली, ग्वाड हाय."

"येडाई," मी म्हटलं.

"धाराशिवला दुसरी यष्टी. ती उशीर. फलाटावर बसले तिला घेऊन. दोन तास बसले. थापटत व्हते, तितं बी. हात दुकाया लागला तरी थापटत व्हते. तेरला उतरले तर दिवस कलला व्हता. नदीच्या अंगाला यका बागायतदाराच्या रानात मेंढरं बसवली व्हती. बिरदेव लांबनं पळत आला. त्येला वाटलं, लेकरू दावाया आनलंय मी."

मालक लांबून पळत आले. पंचविशीचे होते. मला ते पळताना दिसले. इतक्या वर्षांत त्यांनी मला हे सांगितलं नाही, रोज माझ्या हातची भाकरी खाऊन सांगितलं नाही. आणि आता ते मेंढरं घेऊन कुठल्यातरी रानात होते, फोन लागत नाही अशा जागी.

"रान कुनाचं होतं?" मी विचारलं.

"ध्यानात न्हाय गं. पाटील व्हते कोनीतरी. सकाळच्या पारी मेंढरं उटवली आनि पुढं गेलो. पुन्ना त्या रानात बसलो न्हाय. नांगरलं आसंल त्येनी कवाच." मग म्हणाली, "तुला जागा दाऊ शकत न्हाय मी. माझ्यावर राग धर. पर जागा मला बी म्हाईत न्हाय आता."

राग धरायला माझ्याकडं काही शिल्लक नव्हतं. मी हिशेब करत बसले, आशाताईची सवय, की त्या रानात तेवीस खरीप निघाले असतील आणि तेवीस रब्बी. सोयाबीन आलं असेल, ज्वारी आली असेल. तेरची ज्वारी आमच्याकडं बाजारात येते. सुपातल्या ज्वारीकडं मी बघितलं, आणि मग बघितलं नाही.

"तुमी तवा मला का टाकून गेला असं वाटत होतं मला," मी म्हटलं.

"म्हाईत हाय."

"मग?"

"दोघीपैकी यकीलाच घेता येत व्हतं. तू जिती व्हतीस. तुझ्यापाशी आया व्हती. तिच्यापाशी कोन व्हतं?"

अंगणात कोंबड्या आल्या, सुपाकडं वळल्या. मी त्यांना हाकललं. आत्यानं पदरानं डोळे पुसले, पण तिचे डोळे तसेही दिवसभर पाझरतात, मोतीबिंदूनंतरचे. आमच्या घरात आजवर त्या दिवसावर एवढं बोलणं कधी झालं नव्हतं. मला वाटलं, झालं. आता उठून चूल पेटवावी. मी उठायला गेले तर तिनं माझा हात धरला. तिची बोटं माझ्या मनगटावर, ज्वारीच्या भुशानं खरबरीत.

"यक इचारू का गं? तवाच इचारायचं व्हतं. इचारलं न्हाय म्या."

"काय?"

"तुला दूध आलं व्हतं का?"

तेवीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मालकांनी नाही, जावांनी नाही. मी गावातल्या प्रत्येक बाळंतिणीला विचारते, रजिस्टरला रकाना आहे त्याचा. मला कुणी विचारलं नव्हतं.

"आलं व्हतं की," मी म्हटलं. "दुसऱ्या दिवशी. पोलकं ओलं झालं. न्हाणीत उभी राहून पिळून टाकलं मी. भिंतीवर. तीन दिवस."

आत्यानं मान हलवली. माझा हात सोडला नाही. मग म्हणाली,

"म्या तिला मेंढीचं लावलं. माती द्यायच्या आदी. बिरदेवला म्हनलं, थांब जरा. यक मेंढी धरली, वाटीत धार काडली आनि बोट बुडवून तिच्या व्हटाला लावलं. दोनदा लावलं. गरम व्हतं. उपाशी न्हाय धाडली म्या तिला, ज्ञाने."

तेव्हा मात्र माझ्या छातीत दुखलं, दोन्ही बाजूंनी, पहिलं दूध येताना दुखतं तसंच. मी खाली तिच्याजवळ बसले, आणि तिनं मला थापटायला सुरुवात केली.